वाचक विचारतात : थोडक्या पैशांत लघुपट

कॉलेजच्या सुट्टीत लघुपट करायला निघालेल्या मंडळींची पत्रं या वेळी निपाणीपासून खानापूरपर्यंत सगळीकडून आली. बहुतेकांनी कॅमेऱ्याबद्दल विचारलं आहे, आवाजाबद्दल फार थोड्यांनी. आमच्या मते हे उलट व्हायला हवं होतं, म्हणून उत्तरांत आवाजाला जागा जास्त दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही सहाजण दहा मिनिटांचा लघुपट करतोय. सगळ्यांनी मिळून ८,००० रुपये जमवलेत. बेळगावहून कॅमेरा भाड्यानं आणावा, की फोनवरच करावं? फोनवर केलं तर ‘मोबाइलवर काढलंय’ हे लगेच कळतं, असं सगळे म्हणतात. (बी.कॉम. द्वितीय वर्ष, निपाणी)

उत्तर : फोनवरच करा. कॅमेऱ्याचं तीन दिवसांचं भाडं, त्यावर लेन्सचं भाडं, अनामत रक्कम, नेण्या-आणण्याचा खर्च, एवढं धरलं तर निम्मे पैसे चित्रीकरणाआधीच संपतील आणि आवाजासाठी हातात काही उरणार नाही. शिवाय भाड्याच्या कॅमेऱ्यावर राहून गेलेला एखादा शॉट पुढच्या रविवारी जाऊन घेता येत नाही. फोनवर घेता येतो.

तुमच्या ८,००० रुपयांची वाटणी आम्ही अशी करू : नटांसकट दहा माणसांचं तीन दिवसांचं चहा-नाष्टा-जेवण ३,६०० (घरून डबे आले तर निम्म्यात भागेल); तारेचा कॉलर माइक, जास्तीचे सेल आणि फोनला लागणारी जोडणी १,५००; पेट्रोल १,०००; बल्ब, होल्डर, वायर, थर्माकोल आणि बटर पेपर ९००; कपडे व किरकोळ वस्तू ४००; राखीव ६००. जेवणाचा आकडा पाहून हसू येईल, पण दुपारी दोनपर्यंत उपाशी ठेवलेली फुकटातली नटमंडळी दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

आता ‘मोबाइलवर काढलंय’ हे कशानं कळतं ते पाहू. बहुतेक वेळा फोन सगळं आपोआप ठरवत असतो, म्हणून. पात्र खिडकीजवळ गेलं की उजेड कमी-जास्त होतो, हात हलला की फोकस मागेपुढे होतो, एका शॉटमध्ये भिंत पिवळी तर पुढच्यात निळसर. हे सगळं कुलूपबंद करायचं. ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा यांसारखं फुकट ॲप घ्या (यातलं ब्लॅकमॅजिक सगळ्याच अँड्रॉइड फोनवर चालत नाही). त्यात सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, व्हाइट बॅलन्स (चित्राची पिवळी-निळी छटा) ठरावीक आकड्यावर, फोकस हातानं. २५ आणि १/५० हे आकडे आपल्या विजेमुळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर ते जुळतं. १/६० ठेवलंत की ट्यूबलाइटखाली पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसतात, आणि ते नंतर काढणं जवळजवळ अशक्य. तुमच्या फोनवर २५ येतच नसेल तर ३० फ्रेम ठेवा, शटर मात्र १/५० किंवा १/१००. सगळा लघुपट एकाच दरानं काढा. एका मित्राचा फोन ३० वर आणि दुसऱ्याचा २५ वर, असं नको.

बाहेर भर उन्हात १/५० वर चित्र पांढरंफट्ट पडेल, कारण बहुतेक फोनच्या लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र लहान करता येत नाही. चिमट्यानं लावायचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, मिळाला तर उत्तम. नाहीतर सावलीत काढा, किंवा सकाळी नऊच्या आत आणि दुपारी चारनंतर. तेही जमेना तर शटरचा वेग वाढू द्या. हालचाल थोडी तुटक दिसेल, पण चेहरा जळणार नाही. झूम बोटांनी कधीच करू नका, पाय पुढे न्या. आणि प्रत्येक शॉटच्या आधी लेन्स सुती कापडानं पुसा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचं तेल असतंच, आणि दिव्याभोवती जी धुरकट प्रभा दिसते ती त्याचीच.

दहा मिनिटांसाठी संहिता आठ ते दहा पानांची असावी. नवख्या चमूचं दिवसाला तीन पानांच्या वर निघत नाही. म्हणजे तीन दिवस. त्यातही जागा दोनच ठेवा; एका जागेवरून दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं की दीड-दोन तास गेलेच म्हणून समजा.

प्रश्न : कथानक जुन्या कौलारू घरात घडतं. मागच्या लघुपटात संवाद लांबून आणि घुमल्यासारखे ऐकू आले. या वेळी सरळ डबिंग करावं का? (खानापूर तालुका)

उत्तर : डबिंग करू नका. स्टुडिओचा खर्च बाजूला ठेवला तरी, ओठांशी जुळवून तोच भाव पुन्हा आणायला सरावलेला नट लागतो. हौशी नटाचं डबिंग वाचून दाखवल्यासारखं होतं. जागेवरच नीट ध्वनिमुद्रण करणं यापेक्षा सोपं आहे.

आवाज लांबून येतो कारण माइक लांब आहे. फोन सहा फुटांवर असेल तर त्याच्या स्वतःच्या माइकला नटाच्या आवाजाइतकाच भिंतींचाही आवाज मिळतो. उपाय एकच, माइक तोंडाजवळ न्यायचा. तारेचा कॉलर माइक नटाच्या छातीवर, हनुवटीखाली साधारण एक वीत, आणि तो दुसऱ्या फोनला जोडून तो फोन नटाच्याच खिशात किंवा कमरेला. चित्र एका फोनवर, आवाज दुसऱ्यावर. खिशातला फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर नेटवर्क शोधताना होणारी टरटर थेट संवादावर बसते.

या माइकच्या तारेवर बहुतेक वेळा एक लहान डबी असते. तिच्यात एलआर४४ जातीचा बटणसेल असतो आणि बाजूला एक खटका, एका टोकाला कॅमेरा आणि दुसऱ्या टोकाला फोन असं लिहिलेला. खटका चुकीकडे राहिला तर आवाज अगदी बारीक येतो किंवा येतच नाही, आणि हे सहसा घरी गेल्यावर कळतं. म्हणून प्रत्येक जागेवर पहिलं वाक्य मुद्रित करून इअरफोन लावून ऐकायचं, मगच पुढे. ज्या फोनला इअरफोनचं गोल भोक नाही त्याला टाइप-सी जोडणी लागते. ती साधी स्वस्तातली घेऊ नका, कारण काही जोडण्यांतून फक्त ऐकू येतं, माइक चालत नाही. दुकानात फोन नेऊन तिथेच तपासून घ्या.

कपड्याचं घासणं हे पुढचं दुखणं. कडक इस्त्रीचा सुती सदरा, नायलॉनची साडी आणि रेशीम हे तिन्ही खरखरतात. धुऊन मऊ झालेलं सुती कापड बरं. कपड्याच्या आत माइक लावायचा असेल तर औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी त्रिकोणी घडी घालून माइकच्या दोन्ही बाजूंना लावा, म्हणजे तो कापड आणि अंग दोन्हींना धरून राहतो. बाईच्या भूमिकेत मंगळसूत्राचे मणी माइकवर टकटकतात. ते आतून पट्टीनं ब्लाउजला चिकटवून टाका. बांगड्या एका हातात दोनच ठेवल्या तर बिघडत नाही.

आता घुमणं. शहाबादी फरशी, चुन्याच्या भिंती, रिकामी खोली म्हटलं की आवाज परत येणारच. घरातल्या वाकळा, घोंगडी, जाड अंथरुणं काढा. नट ज्या दिशेला तोंड करून बोलतो त्या बाजूला, म्हणजे बहुधा कॅमेऱ्याच्या मागे, दोरीवर दोन-तीन वाकळा टांगा. एक जमिनीवर, फ्रेमच्या बाहेर. एवढ्यानं फरक लगेच कानाला कळतो. पंखा बंद. फ्रिज बंद; आणि मोटारसायकलची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे जाताना तो सुरू करायचं विसरणार नाही.

आवाजाची पातळी आपोआपवर ठेवू नका. नट सगळ्यात मोठ्यानं बोलेल ते वाक्य म्हणायला सांगा आणि तेव्हा मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील असं बसवा. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि तो कशानंही सांधता येत नाही. ध्वनिमुद्रणाचा दर (सॅम्पल रेट) ४८ किलोहर्ट्झ ठेवा. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला फ्रेममध्ये टाळी वाजवा; संकलनात चित्रातली टाळी आणि आवाजातला ठोका जुळवला की काम झालं. सुरुवातीला विसरलात तर शेवटी वाजवा. आणि प्रत्येक खोलीतून निघताना सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट नुसती शांतता मुद्रित करा. ही शांतता प्रत्येक खोलीची वेगळी असते. दोन वाक्यांच्या मधली जागा तिनं भरली नाही तर कात्री लागलेली दर वेळी ऐकू येते.

तुमच्याकडे जून ते सप्टेंबर हा वेगळाच प्रश्न आहे. कौलांवरचा पाऊस एकसारखा असेल तर तो संवादाखाली चालतो, पण मध्येच जोर वाढतो-कमी होतो आणि दोन शॉट जोडले की पाऊस उडी मारतो. पत्र्याखाली तर संवाद घेऊच नका. पावसाचे प्रसंग बिनसंवादाचे लिहा. संवाद हवाच असेल तर टेक झाल्या झाल्या नटाला माजघरात नेऊन, दार लावून, त्याच लयीत तीच वाक्यं तीनदा म्हणवून घ्या. लय ताजी असते, त्यामुळे ओठांशी बरंच जुळतं. आणि पाऊस मागाहून वेगळा, एकसारखा घालता येतो.

प्रश्न : लघुपट यंत्रमागावर काम करणाऱ्या बाप-लेकीवर आहे. घरातच माग आहेत, चित्रीकरणाला घर मिळालंय. पण माग सुरू असताना शेजारच्याचंही ऐकू येत नाही. (वडगाव, बेळगाव)

उत्तर : माग चालू असताना संवाद घ्यायचाच नाही, ही पहिली अट. शहापूर, खासबाग, वडगाव, अनगोळ इथल्या गल्ल्यांत तुमचे माग बंद केले तरी शेजारचे चालू असतात, म्हणून आधी मालकांना विचारून गल्लीतले बहुतेक माग कोणत्या दिवशी बंद असतात ते ठरवा आणि संवाद त्या दिवशी उरका.

प्रसंगाचे दोन भाग करा. पहिल्यात माग चालतो, पण बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत : धोटा इकडून तिकडे जाताना, ताणा सांधणारी बोटं, बापाची पाठ, लेकीच्या कपाळावर चिकटलेला सुताचा बारीक कोंडा. दुसऱ्यात चेहरे दिसतात, संवाद होतो, माग बंद असतो. फक्त कॅमेरा असा लावायचा की मागाचा हलणारा भाग फ्रेमबाहेर राहील आणि मागे उभा लाकडी-लोखंडी सांगाडाच तेवढा दिसेल. मागाचा आवाज वेगळा मुद्रित करा : दोन फुटांवरून, दारातून आणि रस्त्यावरून, प्रत्येकी दोन मिनिटं. जवळचा आवाज फोनला झेपत नाही, पातळी बरीच खाली घ्यावी लागते. संकलनात चेहऱ्याच्या शॉटखाली दारातला आवाज हलका घाला.

यात अभिनयाची मेख आहे. खरोखर माग चालू असता तर दोघं ओरडून बोलली असती. माग बंद असताना नट आपसूक हळू बोलतो आणि मग मागाचा आवाज घातला की सगळं खोटं वाटतं. टेकच्या आधी अर्धा मिनिट माग चालू करून नटांना त्यात बोलायला लावा, मग बंद करून त्याच आवाजात टेक घ्या. खूपदा अशा घरातली माणसं बोलतच नाहीत, हातानं खुणावतात. ते जसंच्या तसं घेतलंत तर संहितेतली अर्धी वाक्यं कापता येतील.

एक विनंती : मागाला तासाला किती उत्पन्न आहे ते मालकाला विचारा आणि जेवढा वेळ बंद ठेवायला लावाल त्याचे पैसे द्या. आणि ओढण्या, सैल बाह्या, वायरी मागापासून लांब.

प्रश्न : रात्रीचा अंगणातला प्रसंग आहे. फोनवर चित्र दाणेदार येतं. दिवे भाड्यानं घ्यावेत का? (बेळगुंदी)

उत्तर : नको. आधी वेळ बदला. सूर्य बुडाल्यानंतर आपल्याकडे संधिप्रकाश साधारण २० ते २५ मिनिटं टिकतो. त्यातल्या शेवटच्या दहा-बारा मिनिटांत आकाश गडद निळं असतं आणि घरातला दिवा उठून दिसतो. पडद्यावर ती रात्रच वाटते. लांबचे, आकाश दिसणारे दोन शॉट या वेळात घ्या. त्यासाठी दुपारीच जागा नक्की करून, नटांना उभं करून तालीम झालेली असली पाहिजे, कारण तिसरा टेक घ्यायला उजेड उरत नाही.

जवळचे शॉट पूर्ण अंधारात घेता येतात. ९ किंवा १२ वॉटचा पिवळसर एलईडी बल्ब दिवाळीच्या साध्या पांढऱ्या आकाशकंदिलात घाला आणि नटापासून चार-पाच फुटांवर, फ्रेमच्या जरा बाहेर, डोक्याहून थोडा वर टांगा. दिवा जवळ आला की आयएसओ, म्हणजे फोनची उजेड टिपायची संवेदनशीलता, खाली आणता येतो. ८०० च्या खाली ठेवलात की दाणे बरेच कमी होतात. दुसरा दिवा नटाच्या मागे, खांबाआड, म्हणजे डोकं अंधारापासून सुटं दिसेल. समोरून थर्माकोल धरून थोडा उजेड परत पाठवा. व्हाइट बॅलन्स ३,२०० केल्विनवर ठेवा.

बल्ब घेताना एकच परीक्षा : १/५० शटरवर दहा सेकंद काढून पाहायचं. अगदी स्वस्त बल्ब आणि डिमरवर लावलेले बल्ब लुकलुकतात. हॅलोजन वापरणार असाल तर उजेड मऊ करायला बटर पेपर त्याला लावू नका, पेटतो. कंदील किंवा चिमणी हातात असेल तर तिच्या ज्योतीवर भागत नाही, कंदिलाच्या आड लहान पिवळा बल्ब दडवा.

प्रश्न : बेळगावचा किल्ला, रेल्वे स्टेशन, राजहंसगड आणि जांबोटीचं जंगल एवढ्या जागा आहेत. एका मित्राकडे ड्रोन आहे. परवानगी कुणाची लागते? विद्यार्थी असल्यावर लागते का? (टिळकवाडी)

उत्तर : विद्यार्थी असलात तरी लागते. आणि खरं सांगायचं तर दहा मिनिटांच्या लघुपटाला या चार जागा जास्त होतात.

भारतीय पुरातत्त्व खात्याचा निळा फलक जिथे दिसेल, जसं किल्ल्यातली कमल बस्ती, तिथे नट उभे करून चित्रीकरण करायला खात्याची आगाऊ परवानगी हवी. बेळगाव भाग धारवाड मंडळाकडे येतो. कॅम्प भागात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि इतर लष्करी आस्थापना आहेत. तिथे कॅमेरा काढूच नका, पार्श्वभूमीतही फाटक किंवा पहारेकरी येऊ देऊ नका. रेल्वे स्टेशन दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या हद्दीत, तिचं मुख्यालय हुबळीला. त्यांची प्रक्रिया तुमच्या वेळेत आणि पैशांत बसणारी नाही. निरोपाचा प्रसंग रेल्वे गेटवर, रस्त्याच्या बाजूनं लिहा : बंद फाटक, दोन सायकली, जाणारी गाडी. बस स्टँड हवा असेल तर आगार व्यवस्थापकाला कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज द्या.

जंगलात वन खात्याची परवानगी लागते, आणि खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे हे ध्यानात ठेवा. जांबोटी-कणकुंबीच्या पुढे गेलात की चोर्ल्याला गोवा लागतो, दुसऱ्या अंगाला चंदगड तालुका म्हणजे महाराष्ट्र. एका राज्याचं पत्र दुसऱ्याच्या नाक्यावर चालत नाही. जंगल नुसतं दिसायला हवं असेल तर कुणाच्या तरी मालकीची काजूची बाग शोधा. मालकाचं लेखी पत्र पुरतं.

राजहंसगडावर रविवारी गर्दी असते आणि वारा बारमाही. माइकला नुसता फोम पुरत नाही, वरून केसाळ कापडाचं टोपरं लागेल.

ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असेल तर चालवायला परवाना लागत नाही, पण कुठे उडवायचा यावर बंधन आहेच. सांबऱ्याचा विमानतळ आणि लष्करी भाग जवळ असल्यामुळे आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. तांबडा भाग दिसला तर विषय संपला.

बाजारात, म्हणजे गणपत गल्ली किंवा खडेबाजारात, तीन माणसं आणि एक फोन एवढ्यावर कुणी अडवत नाही, पण रस्ता अडवणार असाल तर महापालिका आणि पोलीस ठाणं दोन्हीकडे कळवा. खेळण्यातलं पिस्तूल, मारामारी, अपहरणाचा प्रसंग, यातलं काहीही उघड्यावर असेल तर पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवल्याशिवाय करू नका. तारखाही पाहा. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची मिरवणूक आणि काळ्या दिनाची फेरी यामुळे शहरात बंदोबस्त असतो. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन असलं की पोलिसांना तुमचा अर्ज वाचायला सवड नसते.

प्रश्न : गावातल्या नाटकांत काम करणारे काका आमच्या लघुपटात आहेत. उत्तम नट आहेत, पण कॅमेऱ्यासमोर फार मोठं करतात. वयानं मोठे, सांगावं कसं? (येळ्ळूर)

उत्तर : ‘कमी करा’ असं सांगू नका, त्यानं नट बिचकतो. त्यांच्या हाताला काम द्या. शेंगा सोलणं, तंबाखू मळणं, सायकलची चेन बसवणं, काहीही. हात गुंतले की आवाज आपोआप खाली येतो. समोरच्या पात्राला त्यांच्या जवळ, हातभर अंतरावर बसवा. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असते. ऐकणारा शेजारी आला की ती गरज संपते. पहिला टेक त्यांना त्यांच्या पद्धतीनं करू द्या आणि काढलेलं त्यांनाच दाखवा. अनुभवी माणसाला पाहिल्यावर सांगावं लागत नाही.

प्रश्न : आमची पात्रं बेळगावी मराठी बोलतात, मध्येच कन्नडही येतं. पुण्या-मुंबईच्या महोत्सवात कळणार नाही म्हणून प्रमाण मराठीत करावं, असं काहींचं म्हणणं आहे. (बी.ए. तृतीय वर्ष, बेळगाव)

उत्तर : बदलू नका. ‘कुठं चाललास गा?’ म्हणणारा नट ‘कुठे निघालास?’ म्हणायला लागला की चेहऱ्यासकट परका होतो. दुकानदार ‘बर्री, कुंदर्री’ (या, बसा) म्हणत असेल तर तसंच राहू द्या. फक्त दोन गोष्टी पाळा. कथेचा खिळा ज्या वाक्यावर आहे ते वाक्य सोप्या शब्दांत असावं. आणि कन्नड वाक्यं कन्नड घरात बोलणाऱ्याकडून तपासून घ्या. आपल्याकडे सगळ्यांना कन्नड येतं असं वाटतं, पण रायबागचं आणि धारवाडचं बोलणं वेगळं पडतं.

उपशीर्षकं इंग्रजीत संपूर्ण द्या. एका वेळी दोनच ओळी, ओळीत चाळीसच्या आत अक्षरं, किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा सेकंद. शॉट बदलताना उपशीर्षकही संपवा. ती चित्रावर कायमची छापू नका; वेगळी एसआरटी, म्हणजे उपशीर्षकांच्या मजकुराची फाइल ठेवा. मराठी उपशीर्षकं असतील तर ती फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन येतात.

नामावलीचा मजकूर डीटीपीच्या दुकानातून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणू नका. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो कचरा दिसतो. युनिकोडमध्ये टाइप करा आणि मुक्त किंवा बलू यांसारखे मोकळ्या परवान्याचे फॉन्ट वापरा. प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, वेलांटी भलत्या अक्षराला लागत असेल, तर सेटिंगमध्ये ग्राफिक्सखाली दक्षिण आशियाई लिपीचा पर्याय निवडून पुन्हा टाइप करा.

प्रश्न : शेवटी तुकोबांचा अभंग वापरायचाय. अभंग जुना आहे म्हणजे हक्काचा प्रश्न नाही ना? (संकेश्वर)

उत्तर : शब्दांवर कुणाचा हक्क नाही. पण तुम्ही ज्या प्रसिद्ध गायकाच्या आवाजात तो ऐकलाय त्या ध्वनिमुद्रणावर आहे, आणि चाल कुणी बांधलेली असेल तर त्या चालीवरही. कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं आणि संगीतरचनेचा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. यूट्यूबवर तर यंत्रच दोन मिनिटांत ओळखतं. ‘शैक्षणिक कामासाठी’ अशी पाटी लावून काही होत नाही.

गावातलं भजनी मंडळ गाठा आणि परंपरागत चालीत म्हणवून घ्या. देवळाच्या गाभाऱ्यासमोर नको, तिथे घुमतं; सभामंडपाच्या कडेला बसवा. फोन गाणाऱ्यांच्या समोर तीन फुटांवर, पखवाज बाजूला, टाळकरी पाच-सहा फूट मागे, कारण जवळचा टाळ बाकी सगळं खाऊन टाकतो. पातळी गजराच्या वेळी बसवा. संथ कडव्याला बसवलीत तर गजरात फाटेल. मंडळाच्या प्रमुखाची सही घेतलेलं संमतिपत्र ठेवा. तसंच पत्र प्रत्येक नटाकडून आणि जागेच्या मालकाकडून. मुलं असतील तर पालकांचं.

प्रश्न : संकलन करताना सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण पुढे पुढे आवाज मागे पडतो. काय चुकतंय? (चिकोडी)

उत्तर : फरक सगळीकडे सारखा असता तर टाळी नीट जुळली नाही असं म्हटलं असतं. तो वाढत जातोय म्हणजे फोन चित्रांचा दर बदलत राहतोय. उजेड कमी झाला की बरेच फोन गुपचूप ३० वरून २४-२६ वर येतात, आणि सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम सारख्याच अंतरावर धरतं. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. मूळ फाइल त्यात टाकून व्हिडिओच्या पानावर दर २५ किंवा ३० निवडा, त्याखाली ‘कॉन्स्टंट’ ठेवा, दर्जाचा आकडा १६ ते १८. बाहेर पडलेल्या फाइलवर संकलन करा. फाइलींची नावं तीच राहू द्या, नाहीतर कोणता टेक कोणता हे तुमचं तुम्हालाच कळणार नाही.

संकलनाला डाव्हिंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती तुमच्या कामाला पुरते. लॅपटॉपची मेमरी ८ जीबी असेल तर अडखळेल. त्यातच प्रॉक्सी म्हणजे हलक्या प्रती करून घ्या. जागेचा हिशेब : एचडीमध्ये ५० मेगाबिटनं काढलं तर मिनिटाला ३७५ एमबी. दहा मिनिटांच्या लघुपटासाठी तासभर काढलंत तर साडेबावीस जीबी. चित्रीकरणाच्या संध्याकाळीच दोन वेगळ्या जागी प्रत करा, दोन्ही उघडून पाहा, आणि मगच फोन रिकामा करा.

प्रश्न : लघुपट पूर्ण झाला. आधी यूट्यूबवर टाकावा की महोत्सवांना पाठवावा? सेन्सॉर लागतो का? (खानापूर)

उत्तर : आधी महोत्सव. काही महोत्सव नेटवर आधीच खुला झालेला लघुपट घेत नाहीत, म्हणून सहा-आठ महिने थांबा आणि तोवर पासवर्डची लिंक वापरा. फिल्मफ्रीवे या महोत्सवांना लघुपट पाठवायच्या संकेतस्थळावर अर्ज करताना शुल्क आणि नियम वाचा. शुल्क घेऊन डझनावारी प्रमाणपत्रं वाटणारे ‘महोत्सव’ बरेच आहेत. मागच्या वर्षी कोणत्या सभागृहात काय दाखवलं याचा पत्ता लागत नसेल तर पैसे भरू नका. बेंगळुरूचा आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सव आणि १९९० पासून मुंबईत एक वर्षाआड होणारा मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, हे दोन तारखांसकट वहीत लिहून ठेवा.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र थिएटरात जाहीर खेळ करायचा असेल तर लागतं, यूट्यूबला लागत नाही. महोत्सवाच्या खेळांसाठी सवलत आयोजक मिळवतात. निवड झाल्यावर ते डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत, मागू शकतात. ती डीसीपी-ओ-मॅटिक या फुकट सॉफ्टवेअरवर घरी करता येते, पण लॅपटॉपला रात्रभर लागते. पाठवण्याआधी एखाद्या सभागृहाच्या स्पीकरवर आवाज ऐकून घ्या. इअरफोनवर चांगला वाटलेला संवाद तिथे संगीताखाली गाडला गेलेला आढळतो, आणि तेव्हा संगीत तीन-चार डेसिबलनं खाली आणून नवी प्रत काढायला वेळ हाताशी हवा.